ढगांवरचा पहारा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या मोहल्ल्यात रमजानच्या महिन्यात लोकांना सहरीसाठी उठवायला एक फकीर येत असे. ही १९८० च्या आसपासची गोष्ट. त्या वर्षांत रमजान पावसाळ्यात येई. गळ्यात डफ, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात काठी अशा थाटात तो पहाटे गल्लीच्या तोंडाशी उभा राहून आवाज द्यायचा. मग एकेका दारावर काठीने टकटक करायचा. आत दिवा लागला की ते घर जागं झालं असं समजून पुढे सरकायचा आणि दिवा लागला नाही तर त्याच दारावर पुन्हा परत यायचा. कोणाच्या घरात आजारी माणूस आहे, कोणाची झोप कुंभकर्णाची आहे, हे सगळं त्याला पाठ होतं.

एका रात्री मुसळधार पाऊस कोसळत होता आणि फकीरच झोपून राहिला. सगळ्या मोहल्ल्याला उपाशीपोटी रोजा धरावा लागला. संध्याकाळी मशिदीच्या ओट्यावर माणसं जमली आणि फकिराला बोल लावू लागली. माझे आजोबा तेवढे शांत होते. ते म्हणाले, ''सगळ्यांना उठवायचं काम आपण त्याच्यावर टाकलं. पण त्याला कोणी उठवायचं, हे ठरवलं होतं का?'' दुसऱ्या दिवसापासून वरच्या गल्लीतल्या एका पिंजाऱ्यावर काम सोपवलं गेलं. फकिराचा डफ ठरल्या वेळी ऐकू आला तर पिंजाऱ्याने काही करायचं नाही. ऐकू आला नाही, तर उठून फकिराच्या झोपडीचं दार ठोठावायचं.

ही आठवण आज सांगण्याचं कारण म्हणजे माझी मुलगी. ती पुण्यात एका कंपनीत नोकरी करते. तिचं काम काय, असं कोणी विचारलं की मी बरीच वर्षं 'कॉम्प्युटरमध्ये आहे' असं सांगून वेळ मारून नेत असे. एकदा तीच म्हणाली, ''अब्बा, सरळ सांगा ना, मुलगी पहारा देते म्हणून.'' तिच्या कंपनीचं काम तीन वेगवेगळ्या बड्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालतं. ही यंत्रं तिने कधी पाहिलेली नाहीत, पुढेही पाहणार नाही. ती नीट चालली आहेत की नाहीत, याच्यावर तिने नि तिच्या सोबत्यांनी रात्रंदिवस पाळीपाळीने नजर ठेवायची. मी बी. ए. झालेला माणूस, कविता लिहिणारा. यंत्रातलं मला फार कळत नाही. पण पहाऱ्यातलं थोडं कळतं, म्हणून या पहाऱ्याचा इतिहास मी तिच्याकडून आणि इकडून तिकडून वाचून समजून घेतला. तो तुम्हाला सांगावा असं वाटलं.

या पहाऱ्याची पहिली पायरी अगदी साधी आहे. हाक मारायची आणि ओ येते का, ते ऐकायचं. १९८३ सालच्या डिसेंबरात अमेरिकी लष्कराच्या मेरीलँडमधल्या एका प्रयोगशाळेत माइक म्यूस नावाचा प्रोग्रामर संगणकांच्या जाळ्यातल्या एका बिघाडाने वैतागला होता. एका संध्याकाळी बसून त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. दूरच्या यंत्राला हाक द्यायची, आणि ओ यायला किती वेळ लागला तो मोजायचा. पाणबुडीचा शोध घेताना पाण्यात जो ध्वनी सोडतात, त्याच्या आवाजावरून त्याने या प्रोग्रामला 'पिंग' हे नाव दिलं. म्यूस २००० साली मोटार अपघातात गेला. त्याची ती एका संध्याकाळची करामत मात्र आजही जगातल्या जवळजवळ प्रत्येक संगणकात आहे.

पुढचा टप्पा गमतीचा आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात कॉफीचं एकच भांडं होतं, आणि ते ठेवलेल्या खोलीपासून काही मंडळी दूर बसत. जिने चढून-उतरून यावं तर भांडं रिकामं. १९९१ मध्ये त्यांनी भांड्यासमोर एक कॅमेरा लावला आणि आपापल्या पडद्यावर कॉफी आहे की संपली ते पाहू लागले. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर आलं, आणि जगभरचे लोक केंब्रिजची कॉफी किती उरली आहे, ते बघत बसले. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला. ते भांडं एका जर्मन नियतकालिकाने लिलावात तीन हजारांहून अधिक पौंड मोजून विकत घेतलं! पण गंमत बाजूला ठेवली तर मुद्दा खरा आहे. जिथे आपण स्वतः उभे नाही, तिथली परिस्थिती बसल्या जागी कळावी, ही माणसाची इच्छा त्या भांड्यात होती.

१९९४ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या डी माँटफर्ट विद्यापीठात हजारांवर संगणक होते, आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट एकच होती. तीही ६४ किलोबिटची, म्हणजे आजच्या हिशेबात पाऊलवाटच. ती तुंबली आहे का, हे सगळ्यांनाच हवं असे. टोबियास ओएटिकर या स्विस तरुणाने त्या वाटेवरच्या वर्दळीचा आलेख आपोआप काढत राहणारा प्रोग्राम लिहिला. पिंग फक्त जिवंत की मेलेलं एवढंच सांगत होतं. आलेखामुळे दुखणं वाढतंय का, ते कळू लागलं. मग १९९९ मध्ये ईथन गालस्टॅड या अमेरिकी तरुणाने 'नेटसेंट' नावाचा पहारेकरी केला. नावावरून कायद्याची कटकट झाली म्हणून २००२ मध्ये त्याचं 'नॅगिऑस' झालं. पुढची दहा वर्षं जगभरच्या संगणकांच्या खोल्यांवर या नॅगिऑसचं राज्य होतं.

हा पहारेकरी आपल्या गावातल्या जुन्या जागल्यासारखा होता. त्याच्याकडे यादी असे. अमुक यंत्र, तमुक यंत्र, प्रत्येकाचं नाव, पत्ता, सवयी. तो एकेकाच्या दारावर टकटक करून पुढे जाई. घरं तीच, माणसं तीच, त्यामुळे जागल्याचं भागत होतं.

मग ढग आले. ढग म्हटलं की आम्हा कवी मंडळींची लेखणी लगेच ओली होते. हे ढग मात्र कोरडे. कोणाच्या तरी कुलूपबंद गोदामात रांगेने मांडलेली, पंख्यांच्या घरघराटात तापणारी यंत्रं, त्यांना हे नाव दिलं आहे. २००६ च्या मार्चमध्ये ॲमेझॉन या कंपनीने माहिती साठवायची जागा भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आख्खी यंत्रंच तासाच्या भाड्याने मिळू लागली. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्ट उतरलं, गूगल तर मागेपुढे होतंच. आपल्याकडे मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ही गोदामं सुरू केली, त्यातला पुण्याचा तळ त्यांच्या नकाशावर 'मध्य भारत' या नावाने ओळखला जातो! ॲमेझॉनचा मुंबईचा तळ २०१६ च्या जूनमध्ये सुरू झाला, गूगलचा त्यानंतरच्या वर्षी.

जागल्याची पंचाईत इथे झाली. वाड्यातले बिऱ्हाडकरू पिढ्यान्‌पिढ्या तेच असतात. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये दर तासाला माणूस बदलतो. ढगातलं यंत्र असंच. गर्दी वाढली की आपोआप शंभर नवी यंत्रं जन्माला येतात आणि गर्दी ओसरली की तितकीच नाहीशी होतात. मेलेलं यंत्र आणि काम संपवून गेलेलं यंत्र, दोन्ही सारखीच गप्प. हाकेला ओ आली नाही तर घाबरायचं की नाही, हेच कळेना. बर्लिनमध्ये संगीत ऐकवणारी साउंडक्लाउड नावाची कंपनी आहे. तिथल्या, पूर्वी गूगलमध्ये काम केलेल्या दोघा जणांनी २०१२ मध्ये यासाठी 'प्रोमिथियस' नावाचा नवा पहारेकरी लिहायला घेतला. तो हातची यादी घेऊन बसत नाही; सध्या लॉजमध्ये कोण उतरलंय, ते आधी रजिस्टरला विचारतो आणि मग ज्याच्या त्याच्या खोलीत जाऊन आकडे टिपून आणतो.

याच काळात या लोकांच्या बोलण्यात एक जुना शब्द नव्याने आला, त्याला आपण 'निरीक्षणीयता' म्हणू. बुडापेस्टमध्ये जन्मलेला गणिती रुडॉल्फ काल्मन याने १९६० मध्ये तो मांडला होता. यंत्र न उघडता, बाहेर जे दिसतं त्यावरून आत काय चाललंय, हे ओळखता येतं का, असा त्याचा प्रश्न होता. माझ्या आजीला बघायला येणारा हकीम पडद्याआडून फक्त मनगट हातात घेत असे आणि नाडीवरून सांगे की आदल्या रात्री हिने लोणचं खाल्लं आहे. आता ते लोणचं त्याला नाडीत दिसे की दाराशी उभ्या असलेल्या माझ्या आत्याच्या चेहऱ्यावर, हा वेगळा विषय!

एका ढगावर भागेना म्हणून लोक दोन-तीन ढगांवर का गेले, याची कारणं फार सांगत बसत नाही. एकाच मालकाच्या मुठीत सापडू नये ही भीती, भाव पाडून घेण्याची हौस, आणि आपली माहिती कोणत्या देशात ठेवायची याचे कायदे. आपल्या रिझर्व्ह बँकेनेच एप्रिल २०१८ मध्ये पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच ठेवावी, असा आदेश काढला. पण मुलगी म्हणते, बहुतेक वेळा कारण याहून साधं असतं. दोन कंपन्या एकत्र येतात आणि लग्नानंतर दोन घरांची भांडी एका स्वयंपाकघरात यावीत, तसे दोन ढग एका कंपनीत येतात. मग कुठल्या डब्याचं झाकण कुठलं, ते शोधत बसायचं.

प्रत्येक ढगाच्या मालकाने आपापला पहारेकरीही ठेवलेला असतो. ॲमेझॉनचा २००९ मध्येच आला होता. पण प्रत्येकाची मापं वेगळी. एक जण साध्या भाड्यात दर पाच मिनिटांनी आकडा देतो, दर मिनिटाला हवा असेल तर जादा पैसे मागतो. दुसऱ्याकडे तो दर मिनिटाला येतो. एकाच दुखण्याला तिघांची तीन नावं. शिवाय मालकाचा पहारेकरी यंत्राबाहेर उभा असतो. यंत्र किती राबतंय ते त्याला दिसतं, पण आतली स्मरणशक्ती किती भरली आहे ते प्रत्येक पहारेकऱ्याला दिसतंच असं नाही. जिथे दिसत नाही, तिथे भाडेकरूलाच आत आपला माणूस बसवावा लागतो. मला आठवतात ते वडीलधाऱ्यांच्या तोंडचे हिशेब. या बाजारचा शेर वेगळा, त्या बाजारचा वेगळा, आणि व्यापारी मधल्या फरकावर गबर. १९५६ च्या कायद्याने देशभर किलो आणि मीटर आले, तेव्हा कुठे तो घोळ हळूहळू मिटला. ढगांच्या जगात असा प्रयत्न २०१९ मध्ये झाला. एकमेकांशी स्पर्धा करणारे दोन मुक्त प्रकल्प एकत्र करून 'ओपनटेलिमेट्री' नावाची सामाईक मापं ठरवली गेली. आकडा कुठल्याही ढगातून येवो, तो एकाच भाषेत यावा. स्पर्धेतल्या कंपन्यांनी ही मापं मानली, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं. त्याची बातमी आपल्या वर्तमानपत्रांत कुठे वाचल्याचं मात्र आठवत नाही.

पण मापं एक झाली तरी माझ्या आजोबांचा प्रश्न उरतोच.

२८ फेब्रुवारी २०१७. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात ॲमेझॉनचा सर्वांत जुना तळ आहे. तिथे माहिती साठवण्याच्या सेवेतला हिशेबाचा भाग मंद चालला होता, म्हणून एका कर्मचाऱ्याने थोडी यंत्रं बाजूला काढण्याची आज्ञा टाइप केली. पश्चिम अमेरिकेच्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ३७ मिनिटं झाली होती. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. आज्ञेतला एक भाग चुकीचा पडला आणि थोड्याऐवजी बरीच यंत्रं निघून गेली. त्यांत कुठली वस्तू कुठे ठेवली आहे, याची सूची सांभाळणारी यंत्रं होती. ग्रंथालयातली पुस्तकं जागच्या जागी, पण सूचीची पेटी गायब, अशी गत झाली. ही व्यवस्था पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली, आणि मोठ्या तळांवर ती कित्येक वर्षांत पूर्णपणे अशी सुरू केलीच गेली नव्हती. सगळं सुरळीत व्हायला चार तासांहून अधिक वेळ गेला.

हे झालं बिघाडाचं. माझं लक्ष आहे ते पहाऱ्यावर. ॲमेझॉनचा एक फलक इंटरनेटवर असतो. प्रत्येक सेवेपुढे एक खूण. हिरवी असली की सारं ठीक. त्या दिवशी असंख्य संकेतस्थळं बंद पडली आणि लोक घाबरून त्या फलकाकडे धावले. फलक हिरवागार! कंपनी लपवत होती का? नाही. फलकावरच्या खुणा बदलण्याची जी सोय होती, तीच त्या बंद पडलेल्या सेवेवर चालत होती. पहिले दोन तास कंपनीला आपल्याच फलकावर लाल खूण लावता येईना. शेवटी ट्विटरवर, म्हणजे दुसऱ्याच्या दारात उभं राहून सांगावं लागलं, की आमच्या घरात अडचण झाली आहे. कंपनीने नंतर हे सगळं स्वतःच लिहून प्रसिद्ध केलं, त्याबद्दल तिला मानलं पाहिजे. आपल्याकडच्या किती संस्था आपल्या चुकीचा असा मिनिटामिनिटाचा पंचनामा स्वतःहून छापतात?

माझ्या मुलीच्या धंद्यातली माणसं या घटनेचा दाखला सारखा देतात. फकीर, कंदील, डफ, सगळं होतं. पण फकीर त्याच गल्लीत झोपलेला होता. ७ डिसेंबर २०२१ ला त्याच व्हर्जिनियात ॲमेझॉनच्या आतल्या जाळ्यात अशी कोंडी झाली, की बिघाड शोधणाऱ्या त्यांच्याच माणसांना चालू घडीचे आकडे दिसेनात. अंधारात चाचपडत, जुन्या नोंदी वाचत त्यांना वाट काढावी लागली. भाडेकरूंना तक्रार नोंदवायची खिडकीही कित्येक तास बंद होती.

यावर उपाय सगळ्यांना सुचतो तोच. पहारेकरी तिऱ्हाइताचा ठेवा. असा तिऱ्हाईत पहारा विकणाऱ्या कंपन्या निघाल्याच होत्या. त्यातली एक मोठी म्हणजे डेटाडॉग. २०१० मध्ये दोन फ्रेंच मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये ती काढली. प्रोग्राम लिहिणारे आणि यंत्रं सांभाळणारे एकमेकांकडे बोट दाखवत राहतात, दोघांना एकच चित्र दिसावं, ही त्यामागची कल्पना. तुमचं काम कुठल्याही ढगावर असो, हे सगळ्यांचे आकडे एका पडद्यावर दाखवणार. त्यांनी स्वतःचं बस्तानही एका ढगावर ठेवलं नाही. ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट, तिघांकडे वेगवेगळ्या खंडांत वेगवेगळे तळ. एक तळ बुडाला तरी दुसऱ्याला त्याचा थेंबही लागू नये, अशी आखणी.

८ मार्च २०२३ ला आपल्याकडे सकाळचे साडेअकरा वाजत होते, आणि डेटाडॉगचे तळ जगभर एकदम कोसळू लागले. तीनही ढगांवर! ढग तर तिन्ही ठीक होते. मग झालं काय? डेटाडॉगची हजारो यंत्रं लिनक्सच्या एकाच प्रकारावर, उबुंटूवर चालत होती. त्यात सुरक्षेची दुरुस्ती रोज ठरावीक तासाला आपोआप बसवण्याची एक जुनी सोय चालूच राहिली होती. त्या दिवशी दुरुस्ती बसली, तिच्यामुळे जाळ्याची व्यवस्था पाहणारा भाग पुन्हा सुरू झाला, आणि सुरू होताच त्याने आपल्या ओळखीच्या नसलेल्या वाटा पुसून टाकल्या. नव्या गड्याने ओसरी झाडताना पाहुण्यांच्या चपला केरात टाकाव्यात, तसं. निम्म्याच्या आसपास यंत्रांचा संपर्क तुटला. सगळं पूर्ववत व्हायला एका दिवसाहून जास्त वेळ लागला, आणि तेवढा वेळ जगातल्या कितीतरी कंपन्यांचा पहारा आंधळा होता.

मला हा प्रसंग २०१७ पेक्षाही जास्त अस्वस्थ करतो. २०१७ ची चूक गाफीलपणाची होती. इथे माणसांनी विचार केला होता, पैसे खर्चून तीन घरं वेगळी केली होती. पण तिन्ही घरांना एकच गडी आणि त्याची एकच वेळ, हे कोणाच्या नजरेत आलं नव्हतं. डेटाडॉगने एक गोष्ट मात्र बरोबर केली होती. स्वतःच्या साऱ्या व्यवस्थेबाहेर त्यांनी एक साधासा पहारेकरी ठेवला होता. आतली रचना त्याला ठाऊक नव्हती. तो गिऱ्हाइकासारखा दार वाजवून बघत असे. आमचा पिंजारीच म्हणा ना.

पुढच्या वर्षी, मे २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडावर वेगळीच वेळ आली. सहा लाखांहून अधिक सभासदांचा हा फंड. गूगलच्या माणसांनी आधी कधीतरी त्यांच्यासाठी यंत्रं मांडून देताना एक रकाना रिकामा सोडला होता. रिकाम्या रकान्याचा अर्थ व्यवस्थेने परस्पर लावला, की वर्षभराने हे सगळं पुसून टाकायचं. वर्ष भरलं, पुसलं गेलं. भाडेकरू स्वतः घर सोडतो तेव्हा आधी सूचना जाते. इथे भाडेकरूने काही मागितलंच नव्हतं, म्हणून सूचनाही गेली नाही. आठवडाभर सभासदांना आपल्या पुंजीचा हिशेब पाहता येईना. ज्यांनी माझ्यासारखं कोणाच्या पेन्शनवर घर चालताना पाहिलंय, त्यांना तो आठवडा कसा गेला असेल, हे सांगायला नको. फंडाने दुसऱ्या एका पुरवठादाराकडेही आपल्या माहितीच्या प्रती ठेवल्या होत्या, हे नशीब.

आणि १२ जून २०२५ ला पुन्हा रिकामा रकाना, पुन्हा गूगल. एका नियमात काही जागा कोऱ्या राहिल्या, तो नियम काही सेकंदांत जगभर पसरला आणि तो वाचणारा प्रोग्राम ठिकठिकाणी कोसळत गेला. या बिघाडाची जाहीर सूचना द्यायला गूगलला तासभर लागला. कारण वाचताना मी पुन्हा पहिल्या ओळीवर गेलो. सूचना देणारी व्यवस्थाच त्याच बिघाडात सापडली होती. काही भाडेकरूंनी आपला पहारेकरीही गूगलच्याच ढगावर ठेवला होता, त्यांना तर काही झालंय याचा पत्ताच लागला नाही. २०१७ चा धडा ॲमेझॉनने लिहून छापला होता. पण दुसऱ्याच्या घरच्या चोरीवरून आपलं कुलूप बदलण्याची सवय माणसाला नाही.

आता एक उलटी गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर मी एकाच बाजूने बोलतोय, असं होईल. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर ही कंपनी अडचणीत आली. जगातल्या कितीतरी संकेतस्थळांचं दार हीच कंपनी राखते. तिने आपला सूचनाफलक शहाणपणाने स्वतःच्या घराबाहेर, पूर्ण वेगळ्या ठिकाणी ठेवला होता. आणि नेमका त्याच वेळी, निव्वळ योगायोगाने, तो फलकही बंद पडला! आतल्या लोकांना वाटलं, घर आणि बाहेरचा फलक एकदम गेले, म्हणजे कोणीतरी हल्ला केला. बिघाड त्यांच्याच एका प्रमाणाबाहेर फुगलेल्या फाइलमध्ये होता, आणि सुरुवातीचा काही वेळ ते न आलेल्या शत्रूच्या शोधात होते.

मुलीला मी विचारलं, मग तुम्ही करता काय? तिने जे सांगितलं ते ऐकून मला हसू आलं. त्यांच्या पहारेकऱ्यात एक घंटा अशी बांधलेली आहे, की ती कायम वाजत असते. बिघाड असो नसो, ठरावीक वेळाने ती वाजते आणि तिचा आवाज तिन्ही ढगांच्या बाहेर, एका चौथ्याच ठिकाणी बसवलेल्या चौकीवर जातो. आवाज आला तर चौकीने काही करायचं नाही. आला नाही, तर ज्याची पाळी असेल त्याला फोन करून उठवायचं. या घंटेचं नावच 'वॉचडॉग' आहे. तिला मी आमच्या पिंजाऱ्याची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा सांगितली. ती म्हणाली, ''अब्बा, त्याला पगार काय होता?'' मी म्हटलं, ईदला एक लुंगी आणि शिरखुर्म्याची वाटी.

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. रमजान होता, मुलगी घरी आली होती आणि इथूनच काम करत होती. सहरीला अजून अर्धा तास होता. तिचा फोन वाजला. ती अंथरुणातून उठून थेट लॅपटॉपशी जाऊन बसली. मी विचारलं, ''काय पडलं?'' म्हणाली, ''माहीत नाही. घंटेचा आवाज पोचला नाही, एवढंच. ढग पडला असेल, पहारेकरी पडला असेल, नाहीतर मधला रस्ता.'' मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. बायको खजूर काढून ठेवत होती. वीसेक मिनिटांनी आतून आवाज आला, ''रस्ता होता.'' मग ती बाहेर आली, फोन ताटाशेजारी उताणा ठेवला आणि घड्याळाकडे बघत भराभर जेवू लागली.